मथीबाईच्या लग्नाला, चिंचोटीच्या वर

"बाय, लगीन हाय. येशील ना?" करवंदांच्या टोपलीवर पळसाचं पान झाकत मथीबाईने विचारलं.

नालासोपाऱ्याच्या बाजारात मी सहा वर्षं तिच्याकडून करवंदं, शेवळं, कंदमुळं, जे काय ती डोंगरावरून आणील ते घेत आले होते. तिच्या मुलाचं, किसनचं, जमल्याचं मला ठाऊक होतं. म्हणून मी म्हटलं, "किसनच्या लग्नाला ना? येईन की."

"किसनाचा बी हाय. पन पयला माझा."

मी हातातली पिशवी खाली ठेवली. मथीबाई पन्नाशीच्या आसपासची. तिला चार मुलं, दोन नातवंडं आणि काकड्या नावाचा एक घरधनी, ज्याच्याबद्दल ती दर आठवड्याला माझ्याकडे तक्रार करायची. "कुणाशी?" मी विचारलं. ती इतकी हसली की शेजारची सुकटवाली वळून बघायला लागली.

"काकड्याशीच गो! दुसरा कोन घेल मला?"

मग तिने जे सांगितलं ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिते. वारल्यांमध्ये दोघांचं पटलं की घर मांडतात. मुलं होतात, शेत कसलं जातं, कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. लग्न, म्हणजे मांडव, धवलेरी, भगत आणि चार पाड्यांना जेवण, हे जमेल तेव्हा. कुणाचं वर्षात जमतं, कुणाचं म्हातारपणी. पण आईबापाचं लग्न झाल्याशिवाय मुलाचं लावता येत नाही. म्हणून शनिवारी आईबापाचं आणि रविवारी त्याच मांडवात मुलाचं, असं ठरलं होतं.

मथीबाईला मात्र लग्नाचं अप्रूप वेगळ्याच कारणासाठी होतं. लग्नघराच्या आतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. (चित्र 'काढणं' हा आपला शब्द. ते 'लिहितात'.) मधे पालघट देवी, भोवती झाडं, माणसं, घोड्यावर नवरानवरी. हा चौक फक्त सवाशिणींनी लिहायचा. आणि लग्न न लागलेली बाई सवाशीण नव्हे, मग तिला नातवंडं का असेनात. "माझा हात चांगला हाय बाय, समदी बोलतात. पन आजवर एक चौक नाय लिहिला. आता शनवारी माझा लगीन, आन् आयतवारी किसनाचा चौक मी लिहिनार."

मी चित्रकला शिकवते. वसईच्या एका शाळेत दरवर्षी मुलांकडून वारली चित्रांची भेटकार्डं करून घेते. पट्टी घेऊन दोन त्रिकोण टोकाला टोक लावून आखायचे, वर कंपासने डोकं. एकदा मी त्यातलं एक कार्ड मोठ्या कौतुकाने मथीबाईला दाखवलं होतं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "ही उभीच का ऱ्हायली? हिला काय काम नाय का?" तेव्हापासून तिच्या हाताबद्दल मला कुतूहल होतं. मे महिन्याची सुट्टी होती, घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. आठवडाभर राहायलाच जायचं ठरवलं.

मंगळवार

चिंचोटी आपल्याला ठाऊक असते ती पावसाळ्यातली. धबधबा, भजी, ओले कपडे आणि परत जाताना चिखलाची चप्पल. वैशाखात तिथे कुणी फिरकत नाही. हायवेवर किसन मला घ्यायला आला होता. धबधब्यापाशी आलो तर नुसता काळा कातळ, खाली कुंडात हिरवं पाणी आणि त्यावर एक खंड्या. मी त्या जागेला इतकी वर्षं बघितलंच नव्हतं असं वाटलं.

तिथून वर दीड तासाची चढण. साग पानं झाडून उभे, खाली सगळी पानं वाळून कुरकुरीत झालेली. पाऊल टाकलं की अशी घसरायची की मी दोनदा बसले आणि तिसऱ्यांदा लोळले. किसनने माझी पिशवी, पाण्याची बाटली आणि शेवटी चपलाही घेतल्या. "बाय, नुसते पायाने चाल," तो म्हणाला. त्याचं ऐकलं आणि खरोखरच चालता आलं.

पाडा नऊ घरांचा. नाव लिहीत नाही; लिहिलं की पुढच्या पावसाळ्यात लोक भजी घेऊन तिथेही पोचतील. कारवीच्या कुडाच्या भिंती, त्यांना शेणमातीचा गिलावा, पुढे मांडवासाठी आणून टाकलेले बांबू. समोरच्या टेकाडावर उभं राहिलं की खाली मिठागरं दिसतात, खाडी दिसते आणि नायगावच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या नव्या बिल्डिंगा. माझं घर तिथून डोळ्यांना दिसत होतं म्हणायला हरकत नाही, आणि तरी मी फार लांब आले होते.

पोचल्यावर माझं नाव, गाव कुणी विचारलं नाही. जो येईल तो विचारी, "जेवलीस?" लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे मला 'तू'. शाळेत 'मॅडम मॅडम' ऐकून कान किटलेले, त्यामुळे पहिल्या दिवशी ते जरा टोचलं, दुसऱ्या दिवशी आवडलं आणि घरी परतल्यावर आता सगळे 'तुम्ही' म्हणतात तेच परकं वाटतं.

काकड्याभाऊ मात्र काहीच बोलले नाहीत. किडकिडीत माणूस, डोक्याला पंचा, मला बघून हसले आणि मांडवाचे बांबू तासायला बसले. नवरदेव लाजत होते.

रात्रीचं जेवण दिवस मावळायच्या आतच. तांदळाची जाड भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण त्यात आंबट कैरी, आणि कच्च्या मोहट्यांची भाजी. मोहाच्या फळांची भाजी होते हे मला ठाऊकच नव्हतं. मी तिसरी भाकरी घेतली तेव्हा मथीबाई म्हणाली, "बरा झाला. मला वाटला, फ्लाटवाली बाय काय खाते, का नाय."

बुधवार

सकाळी मथीबाईबरोबर पाण्याला गेले. ओढा आटला की त्याच्या वाळूत खड्डा खणतात, त्याला डवरा म्हणतात. त्यात पाणी झिरपत येतं. येईल तसं करवंटीने उपसायचं आणि हंडा भरायचा. एका हंड्याला पाऊण तास. आमच्या नालासोपाऱ्याच्या बिल्डिंगमध्ये टँकर आला की चांगल्या घरच्या बायका एकमेकींच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. त्यात मीही असते, खोटं कशाला बोला. इथे ज्या बाईचा हंडा भरला ती करवंटी पुढच्या बाईच्या हातात देऊन तिथेच गप्पा मारत बसत होती. घाई कुणालाच नव्हती, कारण घाई करून पाणी लवकर येत नव्हतं.

तिथेच मी पराक्रम केला. फोटो काढायला वाकले आणि कॅमेरा डवऱ्यात. मी किंचाळले. माझ्याहून मोठ्याने मथीबाई ओरडली. मला वाटलं कॅमेऱ्यासाठी, पण ती पाणी गढूळ झालं म्हणून ओरडली होती. छत्तीस फोटोंचा नवा कोरा रोल गेला. त्यामुळे या प्रवासाचा एकही फोटो माझ्याकडे नाही, वाचकांनी माझ्या शब्दावरच विश्वास ठेवायचा आहे.

परतताना मी मथीबाईला विचारलं, "कधीच चौक लिहिला नाहीस, मग हात चांगला आहे हे सगळ्यांना कळलं कसं?"

ती नुसती पुढे चालत राहिली. उत्तर मला संध्याकाळी काकड्याभाऊंनी दिलं. ते ताडावरून उतरले होते, मला गार ताडी करवंटीत ओतून दिली होती, आणि स्वतः दोन करवंट्या घेतल्यावर त्यांना वाचा फुटली होती.

"घराचे मागले भितीवर लिहिते. कोलशानं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "मी रानातून आलो का पुसून टाकते. लगीन नाय झालेला ना, कोन बघल तं हसल, म्हनून."

"मग तुम्हाला कसं ठाऊक?"

"मी लांबून खोकत येतो. आधी दिसला तं तिला लाज वाटल. खोकलो का तिला पुसायला येल भेटतो." मग करवंटी खाली ठेवून म्हणाले, "दर साली बोललो, पुढले साली लगीन करू. पुढले साली, पुढले साली. पोरगा मोठा झाला. तिचे केस पिकले. माझाच चुकला."

मी आयुष्यात पुष्कळ संसार पाहिले आहेत. बायकोला पुसायला वेळ मिळावा म्हणून तीस वर्षं लांबून खोकत येणारा नवरा मी दुसरा पाहिला नाही. मला त्या माणसाचा फार लळा लागला, तो त्याच संध्याकाळी.

गुरुवार

दुपारी धवलेरी आली. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई. आपल्याकडे भटजी सांगतात ते इथे ही सांगते, आणि सगळं गाऊन. सोनीआजी तिचं नाव. सत्तरीची, पाठीत वाकलेली, पण दोन डोंगर चालून आली होती आणि घाम पुसायच्या आधी तिने मांडवाचे खांब हलवून बघितले. "ह्यो लूज हाय," तिने काकड्याभाऊंना सांगितलं.

पाणी पिताना तिला कोपऱ्यात भिजत घातलेले तांदूळ दिसले. शेजारी बांबूच्या चार बारीक काड्या, टोकं चावून मऊ केलेल्या. चौक लिहायची लेखणीच ती.

"हे कोनाचा?"

"माझा," मथीबाई म्हणाली. तिचा चेहरा असा खुलला होता की मला बघवेना. "किसनाचा चौक मी लिहिनार ना."

सोनीआजीने तांब्या खाली ठेवला. "शनवारी तुला हळद लागल. आयतवारी ती अंगावर असल का नाय?"

मथीबाईने काड्यांकडे पाहिलं.

"हळद पाच दिवस ऱ्हाते. हळद हाय तवर तू नवरी. नवरीने चौकाला हात लावायचा नाय. हळद उतरली का मंग सवाशीन." मग आवाज जरा खाली आणून ती म्हणाली, "कोनाचे ध्यानात नाय आला का गो?"

खरंच कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. महिनाभर नऊ घरांनी मिळून बेत केला होता. एकच मांडव, एकच स्वयंपाक, लागोपाठ दोन दिवस. आईचं आधी, मुलाचं मग. सगळ्यांनी दिवस जुळवले आणि त्या दोन दिवसांच्या मधली हळद सगळेच विसरले. ज्यांच्या घरची नवरी सहसा विशीतली असते, आणि दुसऱ्या दिवशी तिला चौक लिहायचा नसतोच, त्यांना ते सुचणार तरी कसं?

"मी थांबतो," किसन चटकन म्हणाला. "पाच दिवसांनी करू माझा."

पण ते होण्यासारखं नव्हतं. सोमवारपासून महिनाभर सोनीआजी पलीकडच्या पाड्यांवर बांधलेली होती, भगतही तिच्याचबरोबर. नंतर पेरणीची कामं, आणि एकदा पेरणी सुरू झाली की पुढच्या फाल्गुनापर्यंत लग्न नाही. किसन म्हणाला, तेही चालेल.

तेव्हा मथीबाई पहिल्यांदा बोलली. "नाय. 'पुढले साली' या घरात पुन्ना बोलायचा नाय."

तिने हंडा उचलला आणि पाण्याला गेली. हंडा भरलेलाच होता. तिने तो दाराबाहेर ओतला आणि रिकामा घेऊन गेली. पाऊण तास लागणारं पाणी ओतून देणारी बाई मी तिथे एवढी एकच पाहिली.

माझा तर संताप झाला. मी सोनीआजीला म्हटलं, "आजी, एका दिवसाने काय बिघडतं? हळद धुऊन टाकली तर?" शहरातून आलेल्या माणसाला प्रत्येक नियमात पळवाट दिसते. आजीने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "धुतली तं तिचा लगीन बी धुतला," ती म्हणाली आणि पान लावायला घेतलं. त्या रात्री मथीबाई जेवली नाही, आणि काकड्याभाऊही ताटावरून उठले.

शनिवार

शुक्रवार मांडव घालण्यात गेला. शनिवारी सकाळी दोन सवाशिणींनी मथीबाईच्या लग्नाचा चौक लिहिला. नवरीने तिकडे जायचं नसतं, पण मथीबाई कुडाच्या फटीतून बघत होती. "घोड्याचे पाय आखूड झाले," तिने मला कुजबुजून सांगितलं. मला हसू आलं आणि पाठोपाठ डोळे भरून आले.

ऊन चढल्यावर मांडवात हळद सुरू झाली. पाटावर मथीबाई आणि काकड्याभाऊ, भोवती पाड्यातल्या सगळ्या बायका, मधे हळदीची पाटी. मी लांब, मांडवाच्या कडेला, एका बांबूला टेकून बसले. तशी सवयच झाली होती. माझा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. आमच्या बिल्डिंगमध्ये संक्रांतीला हळदीकुंकू असतं तेव्हा मला बोलावत नाहीत. खालच्या मजल्यावरच्या बाई तिळगूळ मात्र आठवणीने जिन्यात आणून देतात. त्यांच्या मनात वाईट नसतं. माझ्याही मनात आता काही नसतं, असं मी धरून चालले होते.

सोनीआजी गात होती. तिचा आवाज वाकलेल्या पाठीतून यावा असा नव्हताच. एक ओळ ती म्हणे, बायका उचलत, आणि प्रत्येक ओळीला कुणी कपाळाला, कुणी गालाला, कुणी दंडाला हळद लावी. मथीबाई मान खाली घालून बसली होती. डावा हात माखून झाला. एक बाई उजव्या हाताकडे वळली आणि सोनीआजीने गाणं मधेच तोडलं.

असं गाणं तोडत नसावेत, कारण सगळ्या दचकल्या.

"थांबा. ह्या हाताला नाय." तिने मथीबाईचं उजवं मनगट धरण्यासाठी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला, तिच्या स्वतःच्या बोटांना हळद होती. "समदी नवरी होऊ दे. ह्यो हात ऱ्हाऊ दे. ह्यो हात सवाशिनीचा. उंद्या चौक लिहील."

दोन दिवस तिच्या डोक्यात ते चाललं होतं तर! बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, असा कधी कोनी केला नाय. आजी म्हणाली, "असा लगीन तरी कवा कोनी ठेवला होता?"

"पन त्याला धरल कोन? समद्यांचे हात पिवले." ती मांडवभर बघत माझ्यावर येऊन थांबली. "तू. तुझे हात कोरे हायेत. ये."

मी जागची हलले नाही. मग उठून तिच्यापाशी गेले आणि तिच्या कानात सांगितलं, "आजी, मी नको. माझे मालक नाहीत. नऊ वर्षं झाली."

तिने ऐकून घेतलं. जरा विचार केला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मंग बराच झाला! तुला कोनी हळद लावायची नाय. तूच धर. तुझेकडंच ह्यो हात कोरा ऱ्हाईल."

त्यात दया नव्हती. समजूत घालणं नव्हतं. एक काम होतं, आणि त्या कामाला सगळ्या मांडवात मीच एक लायक होते. ज्या गोष्टीपायी मला नऊ वर्षं जिन्यात तिळगूळ मिळाला तीच गोष्ट इथे कामाला आली होती. मी पाटामागे बसले आणि मथीबाईचा उजवा हात कोपरापाशी धरून वर उचलला.

पुढचे तीन तास मी तो हात धरून होते. हे वाचायला सोपं आहे. हळद लावणाऱ्या बायका एकदा रंगात आल्या की नेम ठेवत नाहीत. काकड्याभाऊंच्या मेव्हणीने दुरून गोळा मारला, तो मी पाठीवर घेतला. मथीबाईच्या नातवाने पिवळ्या हाताने आजीच्या गळ्यात पडायला धाव घेतली, त्याला मी खांद्याने अडवलं. घामाने दंडावरची हळद ओघळायला लागली तेव्हा मी माझा पदर तिच्या कोपराभोवती बांधला. माझी पाठ, मान, केस, सगळं पिवळं झालं. मला अपशकुनी कुणी म्हटलं नाही, सगळे एवढंच ओरडत होते, "हात बघ! बाय, हात बघ!"

भगत आणि सोनीआजीने मिळून लग्न लावलं तेव्हाही मी मागे तशीच. अंतरपाट दूर झाला, काकड्याभाऊंनी मथीबाईकडे पाहिलं आणि तीस वर्षांत पहिल्यांदा दिसल्यासारखे बघतच राहिले. मग त्यांना खोकला आला. आपण का खोकलो ते त्यांच्याच ध्यानात आलं असावं, कारण दोघंही हसायला लागले, आणि भगताला थांबावं लागलं.

झोपताना मथीबाईचा हात मी माझ्या रुमालात गुंडाळला.

रविवार

सकाळी रुमाल सोडला. बोटं, नखं, तळहात, सगळं कोरं. सोनीआजीने हात दाराशी उजेडात नेऊन दोन्ही बाजूंनी पाहिला, हुंगलासुद्धा, आणि मान हलवली.

आतली दुसरी भिंत गेरूने सारवून तयार होती. मथीबाई तिच्यासमोर बसली. जोडीला दुसरी एक सवाशीण. सोनीआजीने पहिली ओळ म्हटली. मथीबाईने काडी पिठात बुडवली, भिंतीपाशी नेली आणि परत आणली. असं तीनदा झालं. पीठ काडीवरच वाळायला लागलं.

"आता तं कोन पुसायचा नाय ना?" तिने हळूच विचारलं.

"कोनाची बिशाद हाय?" सोनीआजी म्हणाली आणि पुढच्या ओळीला लागली.

मग तो हात चालू झाला. मी अठरा वर्षं चित्रकला शिकवते, आणि रेघ अशी निघते हे मला त्या दिवशी कळलं. तिने आखलं नाही, मोजलं नाही. चौकोन झाला, त्यात देवी आली, भोवती झाडं वर चढायला लागली आणि प्रत्येक झाडाखाली कुणीतरी काहीतरी करत होतं. एक बाई करवंटीने पाणी उपसत होती. एक माणूस ताडावर होता. कुणीही नुसतं उभं नव्हतं. घोड्याचे पाय लांब आणि ऐटदार होते. किसन मुंडावळ्या सावरत दारातून डोकावला तर त्याला आजीने हाकललं.

दुपार कलेपर्यंत चौक भरला. मथीबाईचा डावा हात पिवळा, उजवा पिठाने पांढरा. शेवटी तिने खालच्या अंगाला, चौकटीच्या आत, दोन छोट्या बाया लिहिल्या. एक बसलेली, तिचा एक हात वर. दुसरी तिच्या मागे, तो हात धरून.

सोनीआजीने गाणं संपवलं, पुढे वाकली आणि त्या मागच्या बाईवर बोट नेलं. "ही कोन? चौकात ही नसते."

"माझे लग्नात होती," मथीबाई म्हणाली. "माझे चौकात तिला कोनी लिहिली नाय. म्हनून इथं लिहिली."

मी उंबऱ्यापाशी होते. आता आजी ते पुसायला सांगणार, आणि सांगितलं तर बरोबरच आहे, असंही मला वाटत होतं. आजीने त्या बोटभर बाईकडे पुष्कळ वेळ पाहिलं. मग वळून माझ्याकडे, माझ्या मानेवर कापलेल्या केसांकडे पाहिलं, आणि पुन्हा भिंतीकडे.

"हिला अंबाडा नाय काढलास," ती मथीबाईला म्हणाली. "अंबाडा नसल तं बाई हाय का बाप्या, देवीला कसा कळल?"

"तिचे केस बारके हायेत ना."

"असू दे बारके. काढ."

मथीबाईने काडी पिठात बुडवली आणि त्या बाईच्या डोक्यामागे एक गोल, पांढरा ठिपका ठेवला.